शब्दातला श्वास

कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकायची. गाणं तिच्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं. म्हणून प्रयोगशाळेतून सुटली की हातांना लागलेला आम्लाचा वास तसाच घेऊन ती दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत जायची. तिथे बाई गाणं शिकवत.

"आली का रसायन?" पेटी उघडत बाई म्हणायच्या. खाली यंत्र घूं करायला लागलं की, "ऐक डॉक्टरचा सूर. माणसं बोंबलतात, पण हा तसूभर हलत नाही. शीक काहीतरी."

बाईंची रीत एकच. कागद नाही, रेकॉर्डिंग नाही. माझ्या तोंडाकडे बघ आणि म्हण. दोन वर्षांत तिनं बाईंचं सगळं उचललं. घरी गुणगुणली की आई दचकायची. "अगं, तूच होय! मला वाटलं, कुणी वयस्कर बाई आलीय."

कॉलेजच्या कार्यक्रमात एकट्यानं गायची संधी एकालाच मिळणार होती. निवड करणाऱ्या सरांनी तिला मध्येच थांबवलं.

"'घराकडे' हा शब्द तोडून मध्येच श्वास का घेतेस? दमा आहे तुला?"

"नाही, सर."

"मग हा दमेकऱ्याचा श्वास कुठून आणलास? काढून टाक. शुक्रवारी पुन्हा ऐकतो."

काढता येईना. तो शब्द आला की छाती आपोआप अडायची, जणू आत दुसरंच कुणी हवेसाठी धडपडत होतं. तिनं बाईंना सांगितलं.

बाईंची बोटं पट्ट्यांवरच राहिली. "तो माझ्या ताईचा. मला तिनंच शिकवलं. छाती अधू होती, तिथे तिचा दम संपायचा. मला वाटायचं, गाणंच तसं आहे. ती गेल्यावर कळलं. मग काढवेना."

"मग मी कसा काढू?"

"अगं, मेलेल्यांना किती जणींच्या छातीत जागा द्यायची? माझी पुरे. म्हण."

ती गायली. छाती आखडली, तरी तिनं सूर रेटला. शब्द अख्खा पार पडला. पण नेमक्या त्या जागी खोलीत श्वास ऐकू आलाच. बाईंनी घेतला होता, डोळे मिटून. त्यांना पत्ताही नव्हता.

शुक्रवारी रिकाम्या सभागृहात ती गायली. सरांनी मान डोलावली, नाव लिहून घेतलं. 'घराकडे' एका दमात गेला होता. तिचे कान मात्र अजून त्या शब्दापाशीच उभे होते. तिथे कुणीच श्वास घेतला नव्हता.