बाबा बोलायला लागले ती दुपार

बारावीत मी नापास झाले, त्या वर्षीची ही गोष्ट. परतूरच्या आमच्या घरात कुणी मला रागावलं नाही. बाबा नुसते बोलायचे थांबले. मी वाढायला गेले की ताटावर हात आडवा धरायचे, तेवढंच. हळूहळू मला वाटायला लागलं, आपण या घरात आहोत हे कुणाला दिसतच नाही. एका सकाळी, आई नळावर गेलेली असताना, मी नको ते पिऊन बसले.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. जीप. गालाला लागणारा आईचा ओला पदर. बाहेरची झाडं मागं पळत होती आणि मला त्यांची गंमत वाटत होती. मग जालन्याचा दवाखाना. सिस्टरनं हनुवटी धरून नाकातून नळी घातली. "गिळ बाई, गिळ. झालंच." तिचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. वरचा पंखा फिरत होता की मी, ते कळेना. अंग कापसासारखं हलकं झालं होतं.

जाग आली तेव्हा खिडकीत पिवळं ऊन होतं. डॉक्टरीणबाई कॉटवर टेकल्या. "मरायचं होतं का तुला?"

"न्हाई," मी म्हणाले. "नुसतं झोपून राहावं वाटलं."

त्या पडद्याबाहेर गेल्या. "घरी तिच्याशी बोलतं कोण?" त्यांनी बाबांना विचारलं.

थोड्या वेळानं बाबा आत आले आणि बोलायला लागले. म्हैस व्याली म्हणाले. रेडी झाली, कपाळावर चांदणी आहे. आत्याच्या घराचा स्लॅब टाकून झाला. मी डोळे मिटून ऐकत होते. मधेच झोप लागायची, डोळे उघडावेत तर बाबा अजून म्हशीवरच.

पुढं महिन्याच्या महिन्याला डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. बाबाच मला रेल्वेनं घेऊन जायचे. अशाच एका फेरीत मी विचारलं, "बाबा, तवा तुम्ही बोलत का नव्हते?"

त्यांनी खिडकीबाहेरच्या रानाकडं तोंड वळवलं.

"मला वाटलं माय, बोललो तं तुला लागंल."

परीक्षेला मी एक वर्ष सोडून बसले. पास झाले, जेमतेम. निकालाच्या संध्याकाळी बाबांनी ताटावर हात धरला नाही. पोळी मागून घेतली.