काम सुटायची वेळ

बारावीचा निकाल लागला आणि आमच्याकडे सल्ला द्यायला माणसांची रीघ लागली. गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत घराला घर चिकटून, त्यामुळे अर्धे सल्ले तर लोक आपापल्या दारातूनच देत. कोणी म्हणे इंजिनीअरिंग, कोणी म्हणे बँकेच्या परीक्षा. समोरच्या काकूंनी ब्युटी पार्लरचा कोर्स सुचवला, कारण लग्नं काही बंद होत नाहीत. मला गणित शिकायचं होतं. बी.एस्सी., मग एम.एस्सी., मग एखाद्या कॉलेजात फळ्यासमोर उभं राहायचं. का, तर गणित आवडायचं म्हणून. एवढं कारण पुरतं, असं तेव्हा मला खरंच वाटायचं.

आई सगळ्यांना चहा द्यायची आणि कोणालाच हो म्हणायची नाही, मलाही नाही. ती घरीच साड्यांना फॉल-पिको करायची. एका दुपारी तिनं मशीनवर कापड टाकलं आणि म्हणाली, "चाल वं, तयार हो. पाहून येऊ."

"काय पाहाचं?"

"कामावरून सुटल्यावर माणूस कसा चालते ते."

हे खूळ तिच्या माहेरचं. तिचे वडील उमरेडचे विणकर. जावई शोधायला नागपूरला आले तेव्हा मुलाच्या घरी न जाता आधी तो ज्या हातमागावर विणायचा तिथं समोरच्या पानठेल्यावर उभे राहिले. कांदेपोहे खाताना कोणीही गोडच दिसतो, दिवसभर खपून निघालेला माणूस पाहावा, असं त्यांचं म्हणणं. माझे बाबा त्या संध्याकाळी कोणाची तरी टिंगल करत, हसत बाहेर पडले, आणि लग्न ठरलं. पुढं माग बंद पडले. बाबा एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन झाले, पगाराचा काही नेम नाही. "माणूस बरोबर पाह्यला होता माह्या बाबानं, धंदा पाहाचा राहून गेला," असं आई बाबांच्या तोंडावर म्हणायची आणि बाबाही मान डोलवायचे. माझ्या वेळी आता धंदा पाहायचा होता.

लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लोकांच्या पोरी कॉलेजांची माहितीपत्रकं वाचत होत्या आणि मी आईबरोबर रस्त्याच्या कडेला उभी राहून परक्या माणसांच्या चाली पाहत होते. आधी गेलो ते कंप्युटरवाल्यांच्या मोठ्या कंपनीसमोर, पार शहराबाहेर, मिहानला. तिथून काळ्या काचांच्या बसेस निघाल्या आणि भुर्रकन निघूनही गेल्या. "चेहराच दिसत नाही, काय सांगावं बाई," म्हणून आईनं तो विषय मिटवला. एका बँकेसमोर शटर अर्धं खाली येऊनही आत दिवे जळत होते आणि कोणी बाहेर येण्याचं नाव घेईना. शेवटी आम्हीच कंटाळून परत आलो.

मग मीच हट्ट करून तिला एका कॉलेजात नेलं. म्हटलं, पाहू दे तिला एकदा.

दुपारच्या उन्हात पार्किंगमध्ये एक तरुण सर स्कूटरला टेकून डबा खात होते. मी धीर करून विचारलं, तर ते गणिताचेच निघाले. पुढं त्यांना मी थांबवलंच नाही, आणि तेही थांबले नाहीत. अनंत म्हणजे नुसतं खूप मोठं असं नाही, त्यातही लहानमोठं असतं, हे त्यांनी पोळीचा तुकडा हातात तसाच धरून मला समजावलं. मला ते लख्ख कळलं. आयुष्यात काय करायचं ते ठरलं, असं त्या क्षणी मला वाटलं.

आईनं त्यांचं बोलणं संपू दिलं. मग विचारलं, "सर, तुमचा पगार कधी होते?"

ते मोकळेपणानं हसले. "होते न काकू. झाला की सांगतो तुम्हाले." तासिका तत्त्वावर होते, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे, तेही निघतील तेव्हा. इथले तास आटोपून त्यांना दुसऱ्या कॉलेजात जायचं होतं. डबा तसाच अर्धा बंद करून ते गेले.

येताना सिटी बसमध्ये आईनं तिकिटं काढली, सुटे मोजून घेतले. मग म्हणाली, "माणूस लय चांगला आहे. पण डबा उभ्यानं खाते."

मला इतका राग आला की मी खिडकीकडे तोंड केलं ते घर येईपर्यंत. डबा उभ्यानं खातो म्हणे. हे काय कारण झालं?

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही सरकारी दवाखान्यासमोर उभ्या होतो. सकाळपाळीच्या सिस्टर सुटल्या. दमल्या होत्या, पण दोघी-तिघींच्या घोळक्यानं चालत होत्या. एकीनं दुसरीच्या पाठीत धपाटा घातला. गेटबाहेर संत्रीवाला होता. त्यातली एक थांबली, भाव विचारला, फार घासाघीस न करता पिशवी भरून घेतली आणि चालू लागली. आई तिच्याकडे ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली. मला म्हणाली, "पाह्यलं? संत्री घ्याले तिनं कोणाले विचारलं नाही." नुसतं एवढंच.

मी नर्सिंगला गेले. आईनं ढकललं असं मी मैत्रिणींना सांगायचे, पण ते खरं नाही. ठरवलं मीच. ठरलेल्या तारखेला घरात ठरलेले पैसे येतात म्हणजे काय असतं, ते बाबांचे माग गेल्यापासून आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मला ते हवं होतं. गणितापेक्षा जरा जास्तच हवं होतं, आणि असं हवं असणं मला हलकं वाटायचं. आता नाही वाटत. गरीब घरातल्या पोरीनं पैशाचा विचार केला तर तिची स्वप्नं लहान, असं समजणाऱ्यांनी आमच्या गल्लीत राहून पाहावं.

गणितही अगदीच सुटलं नाही. सलाइनचे मिनिटाला किती थेंब, अमुक वजनाच्या लेकराला किती औषध, हे मी तोंडी सांगते. आमच्या वॉर्डात कॅल्क्युलेटर सापडला नाही की मला हाक मारतात. सरकारी नोकरी लागली. पहिल्या पगाराची संत्री मी त्याच गेटवरून घेतली आणि भाव केलाच नाही, तर आईनं वर मलाच झापलं, की एवढी कशी वं भोळी तू.

पण बरं चाललंय का, मनापासून आवडतं का, हे आईनं मला कधी विचारलं नाही. तिनं विचारू नये असंच मलाही वाटायचं. कारण काही दिवस असे जायचे की फळा, खडू आणि ते पार्किंगमधले सर आठवायचे, आणि उत्तर काय द्यावं ते कळायचं नाही. तिनं माझ्यासाठी पाहिलेला धंदा चुकला, असं तिला कळलं तर ती खचेल, ही भीती मला जास्त होती.

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी ड्यूटीवरून निघाले ती रडतच. आठवडाभर सांभाळलेली एक आजी सकाळी गेली होती. बाहेर आले आणि गेटाशी कठड्याला धरून उभी राहिले. समोर रसवंतीच्या सावलीत एक बाई उभी होती, डोक्याला दुपट्टा बांधून, नुसते डोळे दिसत होते. उन्हाळ्यात नागपुरात सगळ्याच बाया अशा दिसतात. पण काखेतली साड्यांची पिशवी मी ओळखली.

रस्ता ओलांडून गेले. "तू काहून आली वं इतक्या उन्हात?"

"पाहाले."

"काय?"

"तू कशी निघतं ते." तिनं दुपट्टा सोडला. घामानं चेहरा भिजला होता. "आधीबी येऊन गेली मी. तू मैत्रिणीसंगं हसत जाऊन राहिली होती, म्हणून हाक नाही मारली. आज मारणार होती."

म्हणजे ती विचारत नव्हती, कारण ती येऊन पाहत होती. तिला मी फार आवडते हे मला माहीत होतं, पण असं उन्हात उभं राहून आवडते हे माहीत नव्हतं.

"सोडाची असन तं सोड," ती म्हणाली. "गणित शीक. आपलं पाहून घेऊ."

"नाही वं. आज एक आजी गेली म्हणून. उद्या बरं वाटन." हे मी बोलले आणि बोलताना कळलं, की हे खरंच आहे.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "जेवली?"

"जेवली न. दोन घास." मग इतकी वर्षं लपवलेलं तोंडातून निघूनच गेलं. "उभ्यानं. वॉर्डात सगळ्या उभ्यानंच खातो आम्ही, आई."

ते पार्किंग तिलाही आठवलं असणार. मग हळूच म्हणाली, "मंग काय पाह्यलं वं मी?"

"संत्री पाह्यली न तू," मी म्हटलं. "ते बरोबर पाह्यलं."

तिला हसू आलं, मलाही आलं, नाक पुसता पुसता. मग तिनं माझ्या हातातून माझा डबा काढून घेतला, उघडून पाहिला. तीन पोळ्या आणि भाजी तशीच होती. रसवंतीवाल्याकडे एकच स्टूल होतं. तिनं ते सावलीत ओढलं आणि मला खांदा धरून त्यावर बसवलं.

"खाय आता. घाई नाही."

मी बसून जेवले. सगळं संपेपर्यंत ती माझ्या शेजारी, माझ्यावर ऊन येऊ नये अशी, उभी राहिली.