दुधातला आंबा

मी माझ्या मुलीच्या दुधात चोरून आंब्याचा रस घातला. तोही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, सासुरवाडीत, पितरांना नैवेद्य दाखवायच्या आधी.

मुलगी तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. बुळबुळीत, लिबलिबीत असं काहीच तिला चालत नसे. ताटात भेंडी दिसली तरी तिचे खांदे वर चढत. वरणात भिजलेली भाकरी जिभेला लागली की डोळ्यांत पाणी येऊन ती ओकारी काढी. भाकरीचा कडक पापुद्रा, भाजलेली ज्वारीच्या पापडासारखी बिबडी आणि दूध, एवढ्यावर पोर जगत होती. वाढत होती म्हणजे नुसती उंच होत होती. बायको म्हणे, "व्हई हळूहळू. तिले हात लावू द्या, वास लेवू द्या." मला हे फाजील लाड वाटत.

आखाजीला बायको पोरीला घेऊन माहेरी गेलेली. मी मागाहून पोचलो. ओसरीवर मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमनी पोर ते चिमनीनागत खास!" झालं. पोर चिमणीएवढं खाते म्हणे! जावयाची मिशी चढली. म्हटलं, "उद्या बघा. वाटीभर रस पिते की नाही."

आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरून त्यांना रस-पोळी दाखवल्याशिवाय नवा आंबा कोणी तोंडाला लावत नाही. पण पोरीची दुधाची वेळ सकाळची. पितर काय, थोडे उशिरा जेवतील, असं मीच परस्पर ठरवून टाकलं. डोंगराखालून गाडीनं आलेले गावठी आंबे; रेषा अशा की दावं वळावं. एक पिळला, उपरण्याच्या टोकातून गाळला आणि दुधात कालवला. स्वतःच्या अकलेवर इतका खूश होतो की उपरण्यावरचा पिवळा डागही मला शोभेचा वाटला.

वाटी बापाच्या, तिच्या आबाच्या हातची, म्हणून तिनं न बघता घोट घेतला. ते 'न बघता' मला अजून टोचतं. तोंड मिटून ती तशीच राहिली. वाटीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मग सगळं बाहेर आलं, नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर, घागरीच्या अगदी शेजारी.

सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. जे सांगायचं ते चुलीला सांगत. त्या चुलीला म्हणाल्या, "पितरसना आंबा जवाईनी उष्टा करा. पोर दूध तरी पेत व्हती, ते बी गयं."

खरंच गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं वाटीतलं दूध बोटानं ढवळून पाहिलं, वास घेतला आणि वाटी सरकवून दिली. संध्याकाळीही तेच. मग भाकरीचे पापुद्रेसुद्धा ती उलटेपालटे करून तपासू लागली. तिचं तोंड एवढंसं झालं. मला कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी मेव्हणा रस वाढत राहिला, "घ्या दाजी, लाजू नका," आणि मान खाली घालून मी तो गिळत राहिलो.

बायकोनं शेवटी पोरीला गोठ्यात नेलं. गाईची धार सरळ पोरीच्या हातातल्या लोट्यात. मधे कोणाचा हात नाही, कोणाची हुशारी नाही. फेस बोटावर घेऊन तिनं चाटला आणि थोडं दूध प्याली. मी दाराआडून पाहिलं. आत जायची माझी हिंमत नव्हती.

उरलेला रस सासूबाईंनी थाळ्यांत पसरून धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर वाळत घातला होता. कावळे हाकलायला बायकोनं पोरीला तिथं बसवलं. खा म्हणून एकदाही म्हणाली नाही. काठाकडचा पातळ रस वाळून पापडासारखा कडक झाला होता. पोरीनं त्याचा कपचा मोडला. कट्ट आवाज झाला. तो तिला आवडला असावा, कारण तिनं आणखी एक मोडला. हुंगला. जिभेला लावला, काढला, परत लावला. मग दातांत धरला.

जिन्यातून डोकं काढून मी हे बघत होतो; बाजूला उभ्या बायकोनं मला डोळ्यांनी दटावलं होतं: गप्प. पण मी कसला गप्प बसतो! "शाब्बास! खाल्ला गं खाल्ला! आता एक आबासाठी!" असं ओरडत, टाळ्या वाजवत मी धाब्यावर चढलो.

तिनं तोंडातला कपचा काढून मुठीत लपवला.

"आबा, तू खाले जाय ना," ती म्हणाली. "तुले देखं का माले उलटी येस."