शिक्केवाली

कचेरीत सगळे तिला शिक्केवाली म्हणत. कंपनी घरी वापरायची श्वासयंत्रं बनवायची. यंत्रात घालायचा प्रत्येक प्रोग्राम आधी तिच्या टेबलावर यायचा, आणि कंपनीच्या गुप्त किल्लीने तिने त्यावर सही केल्याशिवाय एकही यंत्र तो चालवत नसे. सही संगणकातली, पण शिक्क्यासारखी; किल्ली म्हणजे कप्प्यातल्या पेन ड्राइव्हवरचा एक लांबलचक गुप्त आकडा. त्या सहीची ओळख यंत्राच्या चिपमध्ये कायमची कोरलेली. "तुमच्या परवानगीशिवाय लोकांना श्वाससुद्धा घेता येत नाही बाई," असं शेजारचा हिशेबनीस चिडवायचा, आणि ती मनातून सुखावायची. किल्लीचा कप्पा उघडा टाकून ती कधी पाणी प्यायलाही उठली नाही.

किल्ली बाहेर फुटली ती तिच्याकडून नाहीच. वरच्यांनी चाचणीसाठी एका कंत्राटदाराला प्रत दिली होती. त्याने ती बाकीच्या कामासोबत इंटरनेटवर उघड्यावर ठेवली. कुणीकुणी उचलली, देव जाणे. आता कुणीही चोर आपला प्रोग्राम तिच्याच सहीने इंटरनेटवरून पाठवू शकत होता, आणि यंत्र त्याला घरचा माणूस समजून आत घेणार होतं.

जुनी सही रद्द करा, असं सांगायला ती साहेबांकडे गेली.

"केली तर विकलेलं एकही यंत्र पुन्हा सुरू होणार नाही," साहेब म्हणाले. "चिपा बदलायच्या तर घरोघर जावं लागेल. वरून नाही म्हणालेत." मग खाली बघत त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांकडे आपलंच आहे ना?"

होतं. तिनेच हट्टाने आणलं होतं.

संध्याकाळी बाबा नाकाला नळी लावून शब्दकोडं सोडवत होते. तिने यंत्रामागे वाकून इंटरनेटची वायर उपटली.

"ती कशाला काढलीस? माझा श्वास अडकला की हॉस्पिटलला तिच्यावरूनच कळतं ना?"

"राहू दे बाबा. मी बसते इथे."

"आणि उद्या तू कामाला गेलीस की? तुझी आई वरून लक्ष ठेवणार आहे का?"

तिला हसू आलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. थोडा वेळ ती वायर हातात धरून बसली, मग तिने ती परत जोडली. हिरवा दिवा लागला तसे बाबा कोड्याकडे वळले.

सकाळी टेबलावर नवा प्रोग्राम आला. जुनी यंत्रं दुसरी सही ओळखतच नव्हती. तिने जुनीच सही केली. मग कप्प्याला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि पाणी प्यायला गेली.