दाढीवालं कडं

माझी थोरली बहीण लोखंडी टाक्यांच्या कारखान्यात रंगाची जाडी मोजते. मी तिथल्याच ऑफिसात असल्यामुळे तिचा काटेकोरपणा मला घरीदारी सोसावा लागतो. तिच्याकडे मुठीत मावणारं चुंबकी गेज असतं. ते रंगावर टेकवलं की खालचं लोखंड किती खोल आहे ते त्याला कळतं आणि रंगाच्या थराचा आकडा पडद्यावर उमटतो. यात काय एवढं, असं ताईसमोर एकदा म्हणून बघा.

"आधी कोऱ्या, स्वच्छ पत्र्यावर शून्य आणायचं," ती सुरू होते. "मग ठरावीक जाडीची पट्टी ठेवून खात्री करायची. कडेपासून लांब, गेज अगदी सरळ उभं, आणि एकदाच मोजून मोकळं व्हायचं नाही. तीनदा मोजून सरासरी." घरी ती भाजीतलं मीठसुद्धा पातेल्यात तीन ठिकाणी चाखून ठरवते.

अशा बाईचे आकडे गेल्या महिन्यात बिघडले. टाकी तीच, जागा तीच, पण सकाळी एक आकडा आणि दुपारी भलताच. ज्याला सगळे पिचकारी म्हणतात तो रंगारी वैतागला. "ताई, परवा जाड म्हणून घासायला लावलंत, आज पातळ म्हणून परत मारायला लावताय. एकदा काय ते ठरवा."

तिने बॅटरी बदलली, टोक पुसलं, गेज बदलून पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या हातात तेच गेज सुतासारखं सरळ वागायचं. शेवटी साहेब म्हणाले, "आठवडाभर बघू. नाहीतर गेज दुसऱ्याकडे देऊ, तुम्ही ऑफिसात बसा."

तिचं मनगट बरेच दिवस दुखत होतं. त्यामुळे आपला हातच गेला, असं तिने मनाशी पक्कं केलं. "हात थरथरत असेल गं माझा," असं मला सांगताना ती रडली. ताईला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला आधी तिचाच राग आला, मग मीही रडले.

दुसऱ्या दिवशी, जिथे पत्रे घासतात त्या कोपऱ्यात ती वाकून मोजत होती. पिचकारी शेजारी येऊन उभा राहिला.

"ताई, तुमच्या कड्याला दाढी आलीय."

मनगट दुखतं म्हणून भाऊजींनी महिन्यापूर्वी आणलेलं ते तांब्याचं कडं. घरगुती उपायांना नाक मुरडणाऱ्या ताईने ते निमूटपणे घातलं होतं, कारण भाऊजींनी स्वतःच्या हाताने चढवलं होतं. त्याच्या टोकांना लोखंडाचा भुसा लोंबत होता. तांब्याला कुठला भुसा चिकटायला? तिने कडं काढून गेज कोऱ्या पत्र्यावर टेकवलं आणि शून्य आणलं. कडं जवळ नेलं तशी आकड्याने उडी मारली. कडं मनगटावर वरखाली सरकायचं, तसे तिचे आकडेही सरकत होते. सवयीप्रमाणे तिने तीनदा करून पाहिलं, मग इतकी हसली की पिचकारी घाबरला.

साहेबांनाही तिने ते करून दाखवलं. गेज तिच्याकडेच राहिलं. आवारातल्या सगळ्या टाक्या तिने पुन्हा मोजल्या आणि उगाच घासायला लावल्याबद्दल पिचकारीची माफीही मागितली.

संध्याकाळी भाऊजींची फजिती बघायला मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले. वाटेत विचारलं, "पण त्या कड्याने दुखणं कमी झालं का?"

"कणभरही नाही," ताई म्हणाली.

भाऊजी कपडे वाळत घालत होते. "अहो, या कड्यात चुंबक आहे?" तिने विचारलं.

"दोन्ही टोकांना आहे," ते हळूच म्हणाले. "सांगितलं असतं तर तू हसली असतीस. घातलं नसतंस."

ताईने सगळं सांगितलं. ओला शर्ट हातात धरून ते तसेच उभे राहिले. "म्हणजे माझ्यामुळेच तुझं काम जात होतं. दे इकडे, फेकून देतो."

त्यांचा चेहरा बघून माझी मजा बघायची हौस फिटली.

"फेकायचं कशाला? कामावर जाताना काढून ठेवीन," ताईने हात पुढे केला. "आता घाला."

त्यांनी जपून कडं चढवलं. "खरं सांग, काही फरक पडलाय का गं?"

ताईने मनगट एकदाच फिरवून पाहिलं.

"निम्मं दुखणं गेलंय," ती म्हणाली. दुसऱ्यांदा मोजायच्या भानगडीत ती पडली नाही.