आधी कायदा, मग रूळ

गॅरेजमध्ये गाडी ठेवणारा माणूस मी इथे इंग्लंडात अजून पाहिलेला नाही, पण गॅरेजमध्ये अख्खी मुंबई ठेवून तिला कायद्यावाचून एक इंच पुढे सरकू न देणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असणार, आणि ते म्हणजे माझ्या नवऱ्याचे आतोबा. आतोबांनी जन्मभर हॉस्पिटलात भूल दिली. रिटायर झाल्यावर इथली माणसं गोल्फ खेळतात, नाहीतर अलॉटमेंट म्हणजे भाड्याचा वाफा घेऊन त्यात दुधीभोपळे लावतात. आतोबांनी मिल्टन कीन्समधल्या आपल्या गॅरेजात घोड्याच्या ट्रामच्या काळातली मुंबई करायला घेतली. कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत पुठ्ठ्याचे रस्ते झाले, दुकानं झाली, दुकानांवर कौलं चढली. काडेपेटीएवढी ट्राम आणि तिला ओढणारे दोन घोडेही मागवून झाले. रूळ तेवढे नाहीत. कारण रूळ टाकायचे म्हणजे रस्ता खणायचा, आणि रस्ता खणायचा म्हणजे आधी कायदा हवा. तो कायदा आतोबा कित्येक वर्षं लिहिताहेत.

"अहो, पण साहेबानं केलाच असेल की तेव्हा एखादा," असं मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा बोलून गेले, आणि त्या दिवशी आम्हाला दुपारचं जेवण चहाच्या वेळेला मिळालं. साहेबाच्या कायद्यात म्हणे सगळं होतं. रूळ किती खोल टाकायचे, खणलेला रस्ता कुणी बुजवायचा, कंपनीनं भाडं किती घ्यायचं. पण तो होता इंग्रजीत. ज्या कासाराच्या पायरीला लागून रूळ जाणार, त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि त्याला कुणी विचारलंही नसणार, असं आतोबांचं ठाम मत. म्हणून त्यांचा कायदा मराठीत. "ज्याच्या दारात खणणार त्याला आधी विचारायचं," ते म्हणाले, "एवढं एक कलम नीट लिहून झालं की मी सुटलो." ते कलम काही नीट लिहून होत नव्हतं. विचारायचं म्हणजे कुणाला, घरमालकाला की भाडेकरूला? तो गावी गेला असेल तर? त्याची बायको 'हो' म्हणाली आणि तो 'नाही' म्हणाला तर? एकेका प्रश्नावर एकेक हिवाळा गेला.

आणि नुसतं लिहून भागत नसे, सुनावणीही व्हायची. त्यांच्याकडे चहाला जाणं म्हणजे पायधुणीचं नागरिकत्व पत्करणं. मला भांड्यांचं दुकान मिळालं होतं, नवऱ्याला तबेला. इथल्या महाराष्ट्र मंडळातले एक कन्सल्टंट गृहस्थ बिचारे साबुदाणावड्याच्या आशेनं आले, त्यांना आतोबांनी गॅरेजात फोल्डिंगच्या खुर्चीवर बसवलं आणि तुमच्या दुकानापुढून ट्राम जायला हरकत आहे का म्हणून विचारलं. ते सज्जनपणे "अजिबात नाही" म्हणाले. आतोबा भडकले. इतक्या सहज परवानगी देणारा दुकानदार कंपनीचा माणूस असणार म्हणून त्यांनी त्यांची साक्ष रद्द केली. वडे मात्र आत्यानं डब्यात भरून दिले.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या, आणि या सगळ्या राज्यकारभाराला चहा पुरवणारं एकमेव खातं. कधी कुरकुर नाही. लग्नाच्या वाढदिवसाला आतोबा तिला एडिनबराला घेऊन गेले. किल्ला बघायचा म्हणून ती बिचारी नवा कोट घालून निघाली. किल्ला राहिला बाजूला, आतोबा भर रस्त्यात खाली वाकले होते. तिथल्या ट्रामचा रूळ रस्त्याशी किती सपाट बसवलाय ते ते छत्रीच्या टोकानं तपासत होते. ट्रामच्या ड्रायव्हरनं घंटा वाजवून वाजवून शेवटी खाली उतरून त्यांना बाजूला केलं. आत्या समोरच्या कॅफेत स्कोन, म्हणजे इथला गोडसर पाव, खात बसली होती. कशी झाली ट्रिप विचारलं, तर म्हणाली, "स्कोन छान होता."

मग आत्याचे गुडघे गेले. दोन्ही. जिना चढणं बंद झालं आणि ती बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपायला लागली, कूस बदलायची तर आधी एक पाय हातानं उचलून. खाली एक खोली आणि बाथरूम काढायला हवं होतं, आणि घरात जागा होती ती एकच. हे सगळ्यांना दिसत होतं. बोलायचं कुणी? त्यांच्या मेडनहेडला राहणाऱ्या मुलीनं शेवटी फोन करून स्पष्ट सांगितलं, "बाबा, गॅरेज कन्व्हर्ट करायचा आहे. इट्स नॉट अ डिबेट." आतोबा म्हणाले, शेवटचं कलम उरलंय, ते झालं की रूळ टाकू, ट्राम एकदा पायधुणीपर्यंत जाऊ दे, मग बोलू. बिल्डर माप घ्यायला आला तर आतोबांनी त्याला कुलाब्याच्या पुढे येऊ दिलं नाही. एवढ्या प्रेमळ माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता. तिकडे बायको सोफ्यावर रात्र काढतेय आणि इकडे हे पुठ्ठ्याच्या कासाराची परवानगी मागताहेत!

शेवटच्या कलमाच्या सुनावणीला मी आणि नवरा, आम्ही दोघंच गेलो होतो. मी ठरवूनच गेले होते, आज भांड्यांच्या दुकानाची तक्रार अशी मांडायची की आतोबांना पळता भुई थोडी व्हावी. तोंड उघडणार, तेवढ्यात स्वयंपाकघराकडचं दार उघडलं आणि आत्या वॉकर टेकत, एकेक पाऊल टाकत आत आली. तिच्या हातात चहाचा ट्रे नाही हे बघून आतोबा गोंधळले. ती खुर्चीवर बसली, श्वास घेतला आणि म्हणाली, "माझी हरकत आहे."

आतोबा सवयीनं म्हणाले, "आपलं घर कुठल्या रस्त्याला?"

"याच. या भिंतीपलीकडे. माझ्या दारात अख्खी मुंबई उभी केलीत, मला विचारलं होतंत?"

आतोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि बराच वेळ कुलाब्याकडे बघत राहिले. साहेबाला एवढी वर्षं धारेवर धरणारा तो माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. मग ते खुर्चीत ताठ बसले. "नव्हतं विचारलं," ते म्हणाले. "हरकत मान्य."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या हातानं मुंबई उतरवली. मदत करू दिली नाही. ज्या निश्चयानं बांधली त्याच निश्चयानं, एकेक दुकान टिश्यूत गुंडाळून. आता तिथे आत्याची खोली आहे, बागेकडे खिडकी असलेली, पण आतोबांनी अजून हार मानलेली नाही. पलंगाच्या पायथ्याकडच्या भिंतीला एक अरुंद फळी मारून तिच्यावरून ट्राम नेता येईल, अशी त्यांची नवी योजना आहे. आत्याची लेखी संमती हवी, म्हणून ते दिवसातून चारदा मसुदा घेऊन येतात. ती काहीतरी हरकत काढते, घंटेचा आवाज होईल, घोडे खिडकीच्या उजेडाच्या आड येतील. मग ते तिच्याच शेजारी बसून, तिला विचारून विचारून, कलम दुरुस्त करतात.

परवा ते चहा करायला आत गेले तेव्हा मी आत्याला म्हटलं, देऊन टाक ना गं परवानगी, किती दमवशील त्यांना. ती हसली, आणि पांघरुणावरून हात फिरवत राहिली.

"अगं, नाशिक सोडून मला इकडे आणलं तेव्हा विचारलं नव्हतं, हे घर घेतलं तेव्हाही नाही. आता कुठे विचारायला लागलेत. एकदा 'हो' म्हटलं की संपलंच की गं सगळं."