झाकणाखालची साय

ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली आणि इंजिन गेलं समजून मी गाडी विकायला काढली. नवऱ्याला पक्षाघात झाल्यापासून ती मी पार्किंगमध्येच रोज पाच मिनिटं चालू ठेवत होते.

विकण्याआधी गाडी तपासायला तळवलीहून आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने साय बोटावर चोळून हुंगली, कूलंट पाहिलं. ते कमी झालं नव्हतं, म्हणजे ऑइलमध्ये उतरलं नव्हतं.

“इंजिन बरा हाय, ताई. गाडी नीट तापतच नाय, म्हनून आत पानी धरतंय. लांब फिरवा तिला.” झाकण पुसत त्याने वर खिडकीत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. “साहेब कदी उतरले व्हते खाली?”

“तुम्ही गाडीचं बघा.”

“तेच बगतोय.”

रविवारी आम्ही दोघं तासभर लांब, द्रोणागिरीपर्यंत गेलो. दोन महिने गप्प असलेला नवरा जड जिभेने माझ्यावर ओरडला, “गिअर बदल!”